घर विकणे नाही

नारायणगावहून जुन्नरकडे किंवा मंचरहून घोडेगावकडे निघालात तर दोन्ही अंगांचे बंगले नुसते बघू नका, वाचत जा. 'मातोश्री'. 'मातृछाया'. 'आईची पुण्याई'. 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. मध्येच एखादा 'श्री विघ्नहर कृपा', ओझर जवळ आहे म्हणून. पुढे परत 'मातोश्री', या खेपेला ग्रॅनाइटवर आणि सोनेरी अक्षरांत. बायकोच्या नावाचा बंगला दिसला तर गाडी थांबवून फोटो काढा. बिबट्या काय, रोज दिसतो.

लोक याला मातृभक्ती म्हणतात. कोर्टात उठबस असलेले एक वकीलमित्र याला नियोजन म्हणतात.

विषय नाजूक आहे. नवरा-बायको वेगळे झाले की घराचं काय होतं? अमेरिका-इंग्लंडात घरासमोर विक्रीची पाटी लागते, बँकेचं कर्ज फिटतं, उरलेल्या पैशांची वाटणी होते आणि कुत्रं कुणाकडे राहणार यावर वर्षभर भांडण चालतं. आपल्याकडे कुत्र्याचा प्रश्न येत नाही, ते मळ्यातच राहतं. घराचाही येत नाही. जुन्नर-आंबेगावात घटस्फोटापायी बंगला विकायला काढला, असं कुणी ऐकलंय? भावकीच्या वादात विकतात, पोराच्या ऑपरेशनला विकतात, टोमॅटोनं मारलं म्हणून विकतात, सरपंचकीला उभं राहायची हौस आली म्हणूनही विकतात. नवरा-बायकोचं फाटलं म्हणून नाही. यात वास्तूवरच्या मायेचा काही संबंध नाही. दोघांनी मिळून विकायचं तर घर आधी दोघांचं असावं लागतं, एवढीच अडचण आहे.

हे बंगले उभे कसे राहतात ते बघा, मेख तिथेच आहे.

आपले दोन्ही तालुके निम्मे मुंबईत राहतात. वाशीच्या मार्केटात, माथाडी टोळीत, डब्यांच्या गाडीमागे, कोपरखैरणे-घणसोलीच्या खोल्यांत. लग्न झालं की जोडपं तिकडे जातं आणि पोटाला चिमटा काढून खोली घेतं. त्यात त्याचा फंड असतो. तिची भिशी असते, फॉल-पिको करून आणि डबे देऊन साठवलेलं असतं, तिच्या वडिलांनी घातलेल्या पाटल्या गहाण पडलेल्या असतात. खोलीच्या कागदावर पुष्कळदा दोघांची नावं असतात, कारण मुंबईत बँकवाला तसं सांगतो. पंधरा-वीस वर्षं जातात आणि गावाची ओढ लागते. 2020च्या लॉकडाऊनमध्ये ती जरा जास्तच लागली. 'गावाला हक्काचं घर पाहिजे.' खोली विकली जाते. पैसा निघतो ओतूरला, पिंपळवंडीला, नाहीतर अवसरीला.

तो ज्या जमिनीवर येऊन उतरतो, ती आजोबांच्या नावची असते. सातबाऱ्यावर आजोबा, त्यांचे दोन भाऊ, तीन आत्या, विकास सोसायटीचा बोजा आणि इतर हक्कांच्या रकान्यात असा एक गृहस्थ, ज्याला गावात कुणीच ओळखत नाही. गावठाणात बांधायचं तर ग्रामपंचायतीचा नमुना 8, त्यावर सासऱ्यांचं नाव. घर त्या जागेवर चढतं आणि जागेबरोबर जातं. कोपरखैरण्यात दोघांचं होतं, आळेफाट्याला उतरेपर्यंत सासऱ्यांचं झालं. वाटेत कुणी हिसकावलं नाही, कुणी अंगठा घेतला नाही. चौकीत जाऊन तक्रार द्यावी तर चोर दाखवता येत नाही.

बांधकाम सुरू होतं. सिमेंट, स्टील, वीट, सगळी बिलं सासऱ्यांच्या नावची, कारण साइटवर टोपी घालून तेच उभे. खालचा स्लॅब मुंबईच्या पैशात पडतो. वरच्या मजल्याला पैसा तोकडा पडतो आणि मग कपाटातून गंठण निघतं. सोनार मोड घेतो, तूट-घट कापतो, चिठ्ठी देतो. ती चिठ्ठी सांभाळून ठेवायची असते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती पर्समध्ये महिनाभर राहते आणि एक दिवस किराणाच्या यादीबरोबर जाते. ते सोनं तिचं स्त्रीधन. नवऱ्याच्या किंवा सासरच्या ताब्यात असलं तरी मालकी तिचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 सालीच प्रतिभा राणींच्या खटल्यात सांगून ठेवलंय. पण ते सोनं सोनं असेपर्यंत. त्याचा स्लॅब झाल्यावर तो फोडून कसा मागायचा, हे काही त्या निकालात नाही.

मग वास्तुशांत. बायको शेजारी बसल्याशिवाय संकल्प सुटत नाही. उपरण्याला शेला बांधलेला, हाताला हात लावलेला. गुरुजींच्या लेखी यजमान म्हणजे जोडी. ग्रामसेवकाच्या लेखी यजमान म्हणजे खातेदार.

पुढं काय होतं ते होतं. कुणाची दारू असते, कुणाचं बाहेर असतं, कुणाचं नुसतंच पटत नाही. ती माहेरी जाते आणि बैठक लागते.

बैठक ही आपल्याकडची खरी कौटुंबिक न्यायसंस्था. देवळाच्या सभामंडपात, नाहीतर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या हॉटेलात, दोन टेबलं जोडून. दोन्हीकडचे पाच-पाच पाहुणे, एक माजी सरपंच, एक पतसंस्थेचा संचालक आणि एक असा की जो प्रत्येक बैठकीला असतो, का असतो ते कुणालाच माहीत नसतं. जिचं बोलणं आहे ती बाहेर गाडीत बसलेली, मावशीबरोबर. आधी 'नांदवा'वर तास जातो. मग 'मोकळं करा'वर येतात. मग खिशातून लग्नाची यादी निघते. याद्यांना दोन्हीकडच्यांच्या सह्या असतात, त्यामुळे वाद तिथे फार होत नाही. सोनं किती घातलं, अंगठी कुणी केली, फ्रीज कुणाचा, दिवाण कुणाचा, पाण्याचा पिंप तांब्याचा होता का पितळेचा. पिंपावर अर्धा तास जातो. मुलीचा मामा, शिकलेला, हळूच विचारतो, "आणि घराचं काय?"

टेबलावर शांतता होते. संचालक मिसळीतला पाव मोडायचा थांबतो. मग मुलाचा मामा, अगदी दुखावल्या आवाजात: "पाहुणं, घराचा काय संबंध? घर तर दाजींचं."

पाहुण्यांना हसू नका. संसदेनंही साधारण इथवरच मजल मारली आहे. हिंदू विवाह कायदा 1955चा. त्याच्या कलम 27 प्रमाणे लग्नात किंवा लग्नाच्या आगेमागे मिळालेल्या आणि दोघांच्या मालकीच्या असलेल्या वस्तूंचा निवाडा कोर्ट घटस्फोटाच्या हुकुमातच करू शकतं. म्हणजे रुखवत. पिंप, दिवाण, मिक्सर. संसार मोडला तर मिक्सरचं काय करायचं, याची तरतूद आहे. लग्नानंतर पंधरा वर्षांनी दोघांच्या घामातून उभं राहिलेलं घर त्यात बसत नाही. त्यासाठी वेगळा दिवाणी दावा लावा, पैसा कुठून आला ते सिद्ध करा, मोडीची चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी किराणाबरोबर गेली, हे मी वर सांगितलंच.

2010 साली एक विधेयक आलं होतं. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून काही मिळावं, त्याच्या वाडवडिलांच्या मालमत्तेचाही त्यात विचार व्हावा, असं त्याचं म्हणणं. राज्यसभेनं 2013च्या ऑगस्टमध्ये ते मंजूर केलं. लोकसभेत पोचेपर्यंत लोकसभाच संपली. तेव्हापासून त्याची आठवण कुणी काढत नाही. पुरुषांच्या बाजूचे खासदार आणि बायकांच्या बाजूचे खासदार यांचं एकमत झालेला हा दुर्मीळ विषय असावा.

आणि कायद्यानं असं करताच येत नाही म्हणावं, तर बांदा ओलांडून पत्रादेवीच्या नाक्यावर जा. तिथून पुढं गोव्यात 1867चा पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो. वेगळा करार करून ठेवला नसेल तर लग्नाची नोंद झाल्या दिवसापासून नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्मे-निम्मे. नवऱ्याला घर विकायचं तर बायकोची सही लागते, नाव कागदावर कुणाचंही असो. साष्टीतल्या बाईला जे पोर्तुगीजांनी देऊन ठेवलं, ते सावंतवाडीच्या बाईला लांबून दिसतं, आंबेगावच्या बाईला तेवढंही दिसत नाही. गोव्यात यावरून घरं मोडली, शेती बुडाली, देव कोपले, असं ऐकिवात नाही.

आता बायोडेटा आणि शपथपत्र. माझ्या आवडीचा भाग.

लग्न जमवताना मुलाचा बायोडेटा असतो. वर गणपती, खाली फोटो, मग रास-नाड वगैरे आणि मग मजकूर: 'बागायत शेती 6 एकर, विहीर, कुकडी कालव्याचं पाणी, स्वतःचा आरसीसी बंगला, ट्रॅक्टर, नारायणगावात दुकानगाळा.' मुलगा एकुलता असेल तर तेही ठळक अक्षरांत, म्हणजे समोरच्यानं भागाकार करत बसू नये. मध्यस्थ फोनवर सांगतो, "पोराचं सगळं स्वतःचं हाय." मुलीचा बाप बंगला बघून जातो. पाण्याची टाकी बघतो, पार्किंग बघतो, वर चढून गच्चीवरून ऊस बघतो. 'मातोश्री' ही पाटीही बघतो आणि मुलगा संस्कारी आहे म्हणून मनातल्या मनात समाधान पावतो.

मग पाच-सात वर्षांनी पोटगीचा अर्ज पडतो. सर्वोच्च न्यायालयानं 2020च्या नोव्हेंबरात, रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात, एक शिस्त घालून दिली: पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपापली मिळकत, मालमत्ता, देणी यांचं शपथपत्र द्यायचं. त्यात तोच मुलगा लिहून देतो: शेती वडिलांच्या नावे. घर आईच्या नावे. ट्रॅक्टर चुलतभावाचा, आपण फक्त चालवतो. गाळा भाड्याचा, तो भाडं देतो का घेतो हे स्पष्ट होत नाही. स्वतःचं उत्पन्न, मिळेल ते काम. मोटारसायकल आहे, पण तीही मेव्हण्याच्या नावे. हा मेव्हणा त्याच्या बहिणीचा नवरा, हिच्या भावानं दिलेली मोटारसायकल कधीच विकून झालेली असते.

2023च्या जुलैत नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजारांच्या पुढं गेलं. सगळ्या देशानं आपल्याकडे बघितलं, टीव्हीवाले बांधावर आले, कुणी कोट्यधीश झाले आणि त्यांचे सत्कार झाले. त्या हंगामाचं शपथपत्र वाचा. टोमॅटो लावलाच नव्हता, लावला तो करप्यानं गेला, गेला नाही तो वडिलांच्या पट्टीवर गेला. कोर्टात टोमॅटोला कधीच भाव नसतो.

शपथपत्राच्या बाबतीत खोटेपणा म्हणावा तर तोही नाही, हीच गंमत आहे. शेती खरंच वडिलांच्या नावे असते. बंगला खरंच आईच्या नावे असतो. खोटा होता तो बायोडेटा. पण बायोडेट्यावर शपथ घ्यावी लागत नाही, नुसता गणपती लागतो.

कोर्टानं पोटगी ठरवली तरी वसूल कशातून करायची? कलम 25 प्रमाणे कायमच्या पोटगीसाठी समोरच्याच्या स्थावर मालमत्तेवर कोर्ट बोजा चढवू शकतं. म्हणजे सोसायटीचं कर्ज जिथे बसतं त्याच रकान्यात बायको बसू शकते. सहा एकरांच्या सातबाऱ्यावर यायचा तिला कायद्यानं ठेवलेला हा एक रस्ता. पण त्यासाठी सातबारा समोरच्याच्या नावचा पाहिजे. इथं परत 'मातोश्री' आडवी येते.

राहायचा हक्क मात्र तिला आहे. 2005चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तसं सांगतो. मधल्या काळात, 2006 साली, सर्वोच्च न्यायालयानं तो सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरापुढं थांबवला होता. त्या निकालानं पुढची चौदा वर्षं राज्यातल्या किती सासवा एकाएकी घरमालकीण झाल्या असतील, याचा अंदाज दुय्यम निबंधकाकडच्या बाकांवर बसणाऱ्यांना आहे. 2020च्या ऑक्टोबरात, सतीशचंदर आहुजांच्या खटल्यात, तो निकाल फिरला: घर सासऱ्यांच्या नावचं असलं तरी ती संसार करून राहिली असेल तर तिथे राहायला मागू शकते. मग सासू-सासरे ज्येष्ठ नागरिकांच्या 2007च्या कायद्याखाली प्रांताकडे अर्ज देतात, की सून घरात त्रास देते, तिला काढा. तोही डाव त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सैल केला. मुद्दा एवढाच की ती राहू शकते. मालकीण होत नाही. ज्या बंगल्याच्या वरच्या मजल्यात तिचं गंठण चिणलंय, तिथल्या एका खोलीत, वेगळ्या चुलीवर, कुणी बोलत नसताना तिनं राहायचं. हक्क म्हणून हे ठीक आहे. राहून बघावं एकदा आमदार-खासदारांनी.

समजा निम्मा हिस्सा मिळालाच, तर तो घेणार कोण? अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं विकत घेतला तरी त्याला आत येऊन राहायचा हक्क नाही, असं मालमत्ता हस्तांतरणाचा 1882चा कायदा कलम 44 मध्ये सांगतो. म्हणजे गिऱ्हाईकानं पैसे मोजायचे आणि रस्त्यावर उभं राहून आपला निम्मा बंगला वाचायचा.

त्यामुळे होतं ते असं. नवरा चाकणला खोली करून राहतो. ती माहेरी. पोरं आश्रमशाळेत नाहीतर मामाकडे. बंगल्यात म्हातारा-म्हातारी, खालच्या एका खोलीत. वरचा मजला कुलपात. अंगणातला हॅलोजन रात्रभर चालू, कारण पलीकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या. घरात नियमानं येणारा आता तोच.

घटस्फोट तरी होतो का? बहुतेकदा नाही. 2011च्या जनगणनेत देशभरात घटस्फोट घेतलेल्यांपेक्षा नुसतेच वेगळे राहणारे दुपटीहून जास्त भरले. नांदवायचंही नाही आणि सोडायचंही नाही, हा मधला मार्ग आपल्याकडे फार जुना. आळेफाट्यावरून पुढं गेलं, चंदनापुरीचा घाट उतरला की संगमनेर. तिथे 1988 साली निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाच्या मंडळींनी परित्यक्तांची परिषद भरवली. नवऱ्यानं टाकलेल्या बायका घराबाहेर पडून मांडवात बसल्या, बोलल्या. पोटगी, वेगळं रेशनकार्ड, राहायला जागा, असल्या मागण्या. घाटाच्या अलीकडे आपण त्या वेळी कुकडीच्या आवर्तनाची वाट बघत होतो. आजही बघतोय.

बाई माहेरी जाते असं सहज लिहून गेलो. माहेरचं घर तरी कुणाचं? महाराष्ट्रानं 1994 साली, शरद पवारांच्या काळात, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबर हिस्सा दिला. मात्र ज्यांचं लग्न आधीच झालं होतं त्यांना वगळून. केंद्रानं 2005 साली ती अट काढली. 2020 साली विनीता शर्मांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं आहे, वडील तेव्हा हयात होते की नव्हते हे बघायचं कारण नाही. 2005 पर्यंत तर वारसा कायद्यात असंही कलम होतं की राहत्या घराची वाटणी मुलगे मागत नाहीत तोवर मुलीनं मागायची नाही. तेही गेलं. एवढं सगळं कागदावर आलं आणि मग भाऊ आला. भाऊबीजेला. ताटात साडी, पाकिटात पाचशे एक आणि दाराशी गाडी चालू ठेवलेली. "ताई, जरा जुन्नरला जाऊन येऊ. सहीचं काम आहे, पाच मिनिटांचं." हक्कसोडपत्रात एक वाक्य ठरलेलं असतं: कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने. ताई सही करते, कारण उद्या नवऱ्यानं घालवलं तर यायचं कुठं? म्हणून यायच्या जागेवरचा हक्क ती आधीच सोडून ठेवते.

सरकारी भाऊ 2024 पासून महिन्याला पंधराशे रुपये देतो. परित्यक्ता आणि घटस्फोटितांनाही देतो. एवढं खरं की त्यानं अजून हक्कसोड मागितलेलं नाही.

कागदावर बायकोचं नाव लावायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. शेजारच्याच खेड तालुक्यात, आंबेठाणला, शरद जोशी राहत. नव्वदच्या आसपास त्यांनी लक्ष्मीमुक्ती काढली: शेतकऱ्यानं आपणहून काही जमीन बायकोच्या नावे करायची. शंभर घरांनी केली की गाव लक्ष्मीमुक्त आणि सत्काराला जोशी स्वतः हजर. विदर्भ-खानदेशात गावंच्या गावं पुढं आली. 1992 साली सरकारनं परिपत्रक काढलं, नवऱ्यानं अर्ज दिला की बायकोचं नाव सातबाऱ्याला सहहिस्सेदार म्हणून लागेल. 2003 साली ग्रामविकास खात्यानं 'घर दोघांचे' म्हणून सांगितलं, नमुना 8 वर दोघांची नावं लावा. 2015 साली राहतं घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीस द्यायचं मुद्रांक शुल्क सरकारनं 200 रुपयांवर आणलं. आईला बक्षीस द्यायचं तर मात्र टक्केवारीनं पैसे. म्हणजे बायकोच्या नावे करणं स्वस्त आणि आईच्या नावे करणं महाग आहे. तरी गडी आईकडेच जातो. पै-पैचा हिशेब करणारा आपला शेतकरी फक्त याच एका व्यवहारात पैशाकडे बघत नाही.

आणि परंपरा म्हणाल तर तीही आमच्या बाजूनं आहे. जुन्नर तालुक्यातच, नाणेघाटाच्या लेण्यात, सातवाहनांच्या घराण्याचे पुतळे होते. पुतळे केव्हाच फुटून गेले, भिंतीवर नावं तेवढी राहिलीत. त्यात एका जागी नाव संयुक्त आहे: देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. दोन हजार वर्षं झाली. राणीचं आधी.

नव्या पिढीचं वेगळं आहे, असं म्हणतात. आहे थोडं. चाकण-भोसरीला दोघं नोकरीला, मोशीत फ्लॅट, दोघांच्या पगारावर कर्ज, म्हणून दोघांची नावं. यात स्त्रीमुक्तीचा काही भाग नाही, एका पगारात हप्ता बसत नाही. पण बँकेनं नकळत जे केलं ते विधानसभेला करता आलेलं नाही. इथं घर खरोखर विकावं लागतं, कारण बँकेला घटस्फोट कळत नाही. हुकूम काहीही होवो, कर्ज फिटेपर्यंत दोघंही देणेकरी, एकत्र आणि वेगवेगळेही. दोन वर्षं न बोललेली दोघं निबंधकाच्या कार्यालयात एका बाकावर येऊन बसतात, मध्ये वकिलाची बॅग. तिचा अंगठा मशीनवर उमटत नाही. "मॅडम, पुसून परत ठेवा." तो खिशातला रुमाल काढतो, मग आठवतं, परत ठेवतो. व्यवहार होतो. घेणारा गडी खुशीत पेढ्यांचा पुडा फोडतो, त्याला काही माहीत नसतं: "घ्या, घ्या, जोडीनं घ्या!"

त्यातही सरकारनं एकदा हात मारलाच. 2021 साली बाईच्या एकटीच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट दिली. छान केलं. सोबत अट: पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, विकलं तर सूट दंडासह परत. हेतू चांगला, नवऱ्यानं सूट लाटू नये. पण लग्न पंधरा वर्षं टिकेल याची हमी मुद्रांक खात्यानं कुठून घेतली? फारकतीत घर नवऱ्यानं ठेवायचं आणि तिला पैसे द्यायचे ठरलं, तर तिचा नवरा कायद्याच्या नजरेत एकदम परपुरुष. 2023 साली ती अट काढून टाकली. दोन वर्षांत सरकारला चूक कळली, हा वेग आपल्याकडे विक्रमी धरायला हरकत नाही.

कामाची गोष्ट एकच सांगतो. दावा चालू असताना घर परस्पर विकतील अशी भीती असेल तर नुसता दावा पुरत नाही. महाराष्ट्रात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून ठेवावी लागते. पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात जाहीर नोटिसा येतात, कुणाचा हक्क-हितसंबंध असल्यास अमुक दिवसांत कळवावे, न पेक्षा काही नाही असे समजून व्यवहार पुरा केला जाईल. माहेरी पेपर येत नसेल तर ग्रामपंचायतीत जाऊन वाचा. भविष्य नंतर वाचा.

आणि तुळशीचं लग्न झालं की परत बघण्याचे कार्यक्रम सुरू होतील. मुलगी पोहे घेऊन येईल, तिला विचारतील, किती शिकली, नोकरी करणार का, सोडणार का. मुलीच्या बापानं त्याच वेळी, पोहे गार व्हायच्या आत, मोबाइल काढावा आणि गट नंबर विचारावा. महाभूलेखवर सातबारा फुकट दिसतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत निघतो. नमुना 8 बघायला मागावा. बंगला नेमका कुणाचा, ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं.

मध्यस्थ चिडेल. "एवढा अविश्वास असेल तर सोयरीक करता कशाला?" म्हणेल. हाच मध्यस्थ पतसंस्थेत पन्नास हजार मागायला जातो तेव्हा त्याच्याकडे सातबारा, आठ अ आणि दोन जामीनदार मागतात. तिथं तो सगळं गुमान आणून देतो, वर जामीनदारांना मिसळ खायला घालतो.